क्लूलेस, मीन गर्ल्स की द ब्रेकफास्ट क्लब: मुलांसोबत आधी कोणता बघावा?

घरात तेरा-चौदा वर्षांचं मूल असेल आणि शनिवारी रात्री त्याच्यासोबत शाळकरी पोरांचा एखादा जुना, गाजलेला अमेरिकी विनोदी सिनेमा बघायचा असेल, तर हटकून तीन नावं समोर येतात: ‘द ब्रेकफास्ट क्लब’ (१९८५), ‘क्लूलेस’ (१९९५) आणि ‘मीन गर्ल्स’ (२००४). तिन्ही ९७ मिनिटांचे, म्हणजे वेळ पाहून निवडायचा प्रश्नच नाही. मे महिन्यात सुट्टीला आलेल्या चौदा वर्षांच्या भाचीसोबत मी हे तिन्ही पुन्हा पाहिले आणि एक गोष्ट मला पटली. मोठ्यांनी मुलांसोबत बसून बघायचा असेल तर त्या सिनेमातली मोठी माणसं कशी आहेत, ते आधी बघावं. मुलांचं चित्रण तिन्हींत उत्तम आहे. फरक आईवडिलांत आणि शिक्षकांत आहे.

म्हणून माझं पहिलं मत ‘क्लूलेस’ला. बेव्हर्ली हिल्समधली शेर होरोविट्झ ही श्रीमंत वकिलाची लाडकी लेक. कुठल्या स्कर्टवर कुठला टॉप, हे तिला घरातला संगणक जुळवून दाखवतो. दिग्दर्शिका एमी हेकरलिंगने ही गोष्ट जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ या १८१५ सालच्या कादंबरीवरून घेतली: दुसऱ्यांच्या जोड्या जुळवण्यात पटाईत, पण स्वतःच्या मनात काय चाललंय याचा पत्ता नाही अशी मुलगी. (आपल्याकडचा २०१० सालचा ‘आयशा’ हा हिंदी सिनेमाही याच कादंबरीवरचा.) मार्क कमी पडले म्हणून शेर अभ्यासाला लागत नाही. ती शिक्षिकेच्या टपालाच्या खणात शेक्सपियरच्या ओळी लिहिलेली निनावी चिठ्ठी ठेवते आणि दोन एकट्या शिक्षकांचं सूत जुळवून देते. ते दोघे प्रेमात पडतात आणि सगळ्या वर्गाचे मार्क वाढतात.

तीस वर्षं होऊन गेली तरी हा सिनेमा शिळा का वाटत नाही, याचं एक कारण कपड्यांत आहे. १९९५ सालची खरी पोरं ढगळ जीन्स आणि चौकड्यांचे सैल शर्ट घालून हिंडत होती. वेशभूषाकार मोना मे हिने त्या फॅशनकडे पाठ फिरवली आणि शेरसाठी वेगळंच नीटनेटकं, रंगीत जग उभं केलं. तो पिवळा चौकड्यांचा कोट-स्कर्ट आजही चटकन ओळखू येतो. जे मुळातच त्या काळाचं नव्हतं, ते काळासोबत जुनं कसं होणार?

पण मला सगळ्यात आवडतात ते शेरचे वडील. दिवसभर फोनवर ओरडणारा, जेवायच्या टेबलावरही खेकसणारा माणूस. शेर त्याचं पथ्यपाणी सांभाळते. शेवटाकडे ती खचून त्याच्याजवळ येते, तेव्हा तो उपदेश करत नाही. तुझ्याइतकं इतरांचं भलं करताना तुझ्या आईनंतर मी कुणाला पाहिलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी सांगतो. भाचीने तेव्हा नकळत माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. पार्टीतली नशा, गाडीत मुलाने केलेली लगट, बंदूक दाखवून झालेली लूट हे प्रसंग आहेत, पण ते विषय बोलता येण्याजोगे आहेत. शेवटची प्रेमकथा मात्र मला आजही खटकते: मुलगा कॉलेजातला, शिवाय एकेकाळचा सावत्र भाऊ.

मूल सध्या मैत्रिणींच्या राजकारणात सापडलं असेल तर क्रम बदला आणि ‘मीन गर्ल्स’ आधी लावा. रोझलिंड वाइझमन यांनी मुलींच्या गटबाजीवर पालकांसाठी लिहिलेल्या २००२ सालच्या पुस्तकावरून टीना फे हिने ही पटकथा रचली. त्यामुळे विनोदाखाली निरीक्षण पक्कं आहे. आफ्रिकेत वाढलेली, कधी शाळेत न गेलेली केडी इलिनॉयच्या शाळेत येते आणि तिला पहिला प्रश्न पडतो तो कँटीनमध्ये कुणाच्या टेबलावर बसायचं हा. एका प्रसंगात चार मुली फोनवर असतात. एकीला वाटतं आपण दोघीच बोलतोय, आणि तिसरी गुपचूप ऐकत असते. भाचीने तिथे सिनेमा थांबवला. म्हणाली, “मावशी, आमच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट काढून अगदी हेच करतात.” मग अर्धा तास आम्ही त्यावरच बोललो. आवडता मुलगा शिकवायला बसावा म्हणून केडी गणित येत नसल्याचं सोंग करते, तेही मुलींना दाखवण्यासारखं आहे.

याच्या उणिवा मात्र मोठ्या आहेत. जाडेपणावरचे विनोद बोचतात, आशियाई मुली साच्यातल्या आहेत, आणि खेळाच्या शिक्षकाचे विद्यार्थिनींशी संबंध हसण्यावारी नेलेत. गणिताची शिक्षिका, जी टीना फेने स्वतः केलीय, तिच्याखेरीज एकही मोठं माणूस धड नाही. शाळेतल्या दादागिरी करणाऱ्या मुलीची, रेजिनाची आई तर मुलींची मैत्रीण व्हायला धडपडते. सोबत बसलात तर मध्ये थांबून बोलावं लागेल.

‘द ब्रेकफास्ट क्लब’ तिघांत सगळ्यात खोल आहे. शनिवारी शिक्षा म्हणून पाच मुलांना शाळेच्या ग्रंथालयात बसवलंय आणि ‘मी कोण’ यावर निबंध लिहायचाय. दिग्दर्शक जॉन ह्यूजने जवळजवळ सगळा सिनेमा त्या एका खोलीत घडवलाय. जेवणाचा प्रसंग बघा. क्लेअर सुशी काढते. पहिलवान अँड्र्यूच्या पिशवीतून खाणं संपतच नाही. ब्रायनचं सँडविच आईने कडा कापून दिलेलं. अ‍ॅलिसन पावातलं मांस फेकून त्यात साखर आणि सिरियल भरते आणि कचाकचा चावते. बेंडरकडे डबाच नाही. तो ब्रायनच्या सुखी घराची नक्कल करतो आणि मग स्वतःच्या घराची, जिथे बाप मारतो. आपल्याकडेही मधल्या सुट्टीत डबे उघडले की कुणाच्या घरी काय आहे ते सगळ्या वर्गाला कळतंच.

पण अमेरिकेत याला ‘आर’ प्रमाणपत्र आहे (सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचा), आणि ते योग्यच आहे. शिव्या आहेत, गांजा आहे. हस्तकलेच्या तासाला केलेला हत्तीचा दिवा लागला नाही म्हणून नापास झालेला ब्रायन जीव द्यायच्या विचारापर्यंत गेलेला असतो. बेंडर क्लेअरला सतत छळतो आणि शेवटी ती त्याच्याकडेच वळते. क्लेअर साकारणाऱ्या मॉली रिंगवाल्डने मुलीसोबत हा सिनेमा पाहिला आणि बेंडर टेबलाखाली लपून क्लेअरची छेड काढतो त्या प्रसंगाने आपण कशा अस्वस्थ झालो, ते २०१८ साली लिहिलं. सिनेमातले उपमुख्याध्यापक व्हर्नन तर मुलांचे शत्रूच. विशीत मला त्यांचा राग यायचा. या वेळी तळघरात ते सफाई कामगाराला सांगतात की मी म्हातारा होईन तेव्हा हीच पोरं माझी काळजी घेणार, या विचाराने मध्यरात्री जाग येते. तिथे माझा घसा दाटून आला. शेजारी बसलेल्या भाचीला मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही.

चौदाव्या वर्षी तिला तो दाखवायची मी घाई केली. सोळा-सतराव्या वर्षी तिने तो मित्रमैत्रिणींसोबत बघायला हवा होता, मी दुसऱ्या खोलीत असताना.