शाईची कांडी, दगड आणि कुंचला : आठ महिन्यांच्या सरावानंतर

चिनी सुलेखनाचा संच घेऊन आता आठ महिने झाले. कुंचला, शाईची कांडी, शाई उगाळण्याचा दगड आणि कागद या चार वस्तूंना चीनमध्ये ‘अभ्यासिकेची चार रत्ने’ म्हणतात आणि रोजच्या अर्ध्या तासाच्या सरावात त्या चारही हाताखालून गेल्या.

संचातला दगड मात्र निकृष्ट निघाला. तो इतका गुळगुळीत होता की वीस मिनिटे उगाळूनही पाणी करडेच राहत असे, आणि विक्रेत्याने तक्रारीला उत्तर दिले नाही. दुसरा दगड आणल्यावर खरी शाई दिसली. सहाणेवर चंदन उगाळावे तशी काजळी आणि सरस यांची ही कांडी थेंब थेंब पाण्यात सावकाश फिरवायची, आणि काम संपताच पुसून कोरडी करायची, नाहीतर तिला तडे जातात.

सर्वांत जास्त शिकवले ते कागदाने. आन्हुई प्रांतातील जिंग परगण्यात चिंगतान झाडाची साल आणि भाताचा पेंढा यांपासून श्वेन कागद बनवतात. ही हस्तकला २००९ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. कच्चा ताव शाई तत्काळ शोषतो, त्यामुळे कुंचला क्षणभर रेंगाळला तरी डाग पसरतो आणि घाई केली तर रेघ कोरडी पडते. तुरटी आणि सरस लावलेला पक्का ताव नवशिक्याला सोपा जातो, पण हाताची चूक तो झाकतो, म्हणून मी कच्चाच वापरतो.

बोरूचे टोक तिरके कापलेले असल्यामुळे देवनागरी अक्षराचा जाड-बारीकपणा कोनातून येतो. येथे तो दाबातून येतो, आणि ही सवय बदलायला मला तीन महिने लागले. सरावासाठी ‘योंग’ म्हणजे ‘चिरंतन’ हे अक्षर गिरवतात, कारण त्यात आठ मूलभूत फटकारे एकत्र येतात. वांग शीझ या नामवंत चिनी सुलेखनकाराने इ. स. ३५३ मध्ये लिहिलेल्या लानथिंगच्या प्रस्तावनेचा, म्हणजे लानथिंग येथे जमलेल्या कवींच्या कवितासंग्रहाच्या प्रस्तावनेचा, आरंभ याच अक्षराने होतो. मूळ प्रत आज उपलब्ध नाही, नंतरच्या थांग राजवटीच्या काळातील नकलाच उरल्या आहेत. पण त्यांत ‘झ’ हे एकच अक्षर विसेक वेळा येऊनही दर वेळी निराळे दिसते, हे पूर्वी छायाचित्रे पाहताना माझ्या ध्यानातच आले नव्हते. आता प्रत्येक ‘झ’मध्ये कुंचला कोठे दाबला आणि कोठे उचलला, हे मी बोटाने हवेत काढून पाहतो.

बकरीचे आणि वीझल या मुंगसासारख्या लहान प्राण्याचे केस मिसळलेला कुंचला अजून टोक धरतो. घेणाऱ्यांनी संचाऐवजी दगड आणि कागद वेगळे, पाहून घ्यावेत.