चिपवर छापलंय सी८, आत निघालं भलतंच

एसटीएम३२एफ१०३सी८ (थोडक्यात सी८) या मायक्रोकंट्रोलर चिपचे बोर्ड ऑनलाइन घेणार असाल तर आधी हे वाचा, माझे वीसच्या वीस बोर्ड बाद झालेत.

"ओरिजिनल चिप" असं लिहिलेलं बघून घेतले. डीबगर (चिपच्या आत डोकावायचं उपकरण) जोडला, एसडब्ल्यूडी म्हणजे डीबगच्या दोन वायरी आणि ग्राउंड, तर ओपनओसीडी या डीबग सॉफ्टवेअरने पहिल्याच झटक्यात एरर दिला, आयडीकोड, म्हणजे चिपचा ओळख क्रमांक, जुळत नाही म्हणून. खऱ्या चिपचा १बीए०१४७७ येतो, माझा आला २बीए०१४७७. तेव्हाच परत करायला हवे होते. पण विक्रेत्याला विचारलं तर म्हणे "सर नवीन बॅच आहे, कॉन्फिगमध्ये आयडीच्या जागी शून्य टाका, सगळे तेच करतात". आणि मी शहाण्याने टाकला. शून्य टाकला की आयडी तपासलाच जात नाही, म्हणजे भुंकणारा कुत्रा मीच बांधून ठेवला.

मग एलईडी ब्लिंक चालवून बघितलं, चाललं, खूश. पण तो कोड माझ्या जुन्या सी६ (सी८ ची कमी मेमरीवाली धाकटी बहीण) वाल्या प्रोजेक्टमधला, लिंकर स्क्रिप्टमध्ये, म्हणजे मेमरी किती ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, रॅम १० केबीच लिहिलेली, म्हणजे त्यापुढच्या रॅमला हातच लागला नाही, हे डोक्यातच आलं नाही.

महिन्याभराने खरं फर्मवेअर टाकलं तर मेनपर्यंतसुद्धा (प्रोग्रामच्या मुख्य फंक्शनपर्यंत) पोचेना, सरळ हार्डफॉल्ट, म्हणजे प्रोसेसर गंभीर एररमध्ये अडकला. दोन रात्री स्टार्टअप कोड उकरत बसलो, कंपायलरलाही शिव्या घालून झाल्या, शेवटी कोअर हॉल्ट केला (प्रोसेसर थांबवला) आणि डीबगरवरून रॅममध्ये एकेक वर्ड हाताने लिहून परत वाचायला लागलो. हेक्स २००००००० या पत्त्याला (रॅमची सुरुवात) लिहिलेलं जसंच्या तसं परत आलं, २०००२७एफसी ला पण ठीक, आणि त्याच्या पुढच्याच २०००२८०० ला एरर. म्हणजे रॅम बरोब्बर १० केबी, सी८ ला पाहिजे २०. स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती साठवण) तर २०००५००० पासून, म्हणजे २० केबीच्या टोकापासून, खाली येतो, तिथे रॅमच नाही, पहिल्याच पुशला (पहिलं काही ठेवतानाच) मेला बिचारा. फ्लॅश (प्रोग्राम साठवायची मेमरी) साइज १एफएफएफएफ७ई० ला वाचली तर तिथेही ६४ केबीच्या जागी ३२.

तर बोर्ड आला त्याच दिवशी आयडी बघा, फ्लॅश साइज वाचा आणि २०००४एफएफसी ला (२० केबी रॅमचा शेवटचा वर्ड) काहीतरी लिहून परत वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. नुसता आयडी जुळला म्हणून पण खूश होऊ नका, खरी सी६ घासून वर सी८ छापली तर तिचाही आयडी तोच येतो.

विक्रेत्याला सगळे स्क्रीनशॉट पाठवले. उत्तर आलं, "सर रिटर्नची मुदत संपली, आणि बोर्ड मस्त चालतात असं तुम्हीच चॅटवर लिहिलंय". लिहिलंय खरं, वर अंगठा पण दिलाय.