दह्याचं कल्चर (पाकिटातलं विरजण), तीन पाकिटांचा रोटेशन सेट: आठ महिने वापरून

आमचं चक्क्याचं छोटं युनिट आहे, रोज दीडशे लिटर दूध विरजतो. गेल्या उन्हाळ्यात सलग तीन दिवस बॅच लागलीच नाही, सहा तास झाले तरी दूध पातळच आणि पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ५.६ च्या खाली येईना. आधी दूधवाल्यावर संशय घेतला, म्हशीला अँटिबायोटिक दिलं असेल म्हणून, पण टेस्ट क्लीन आली आणि मग कळलं की हा फाज आहे, म्हणजे बॅक्टेरियावर जगणारा व्हायरस, चक्का टांगल्यावर निवळीचे शिंतोडे उडायचे त्यातूनच तो परत व्हॅटमधे, म्हणजे विरजायच्या टाकीत, येत होता. दूधवाल्याची माफी मागितली.

तेव्हापासून हा सेट घेतोय. तीन पाकिटात दह्याचे बॅक्टेरिया तेच, पण स्ट्रेन, म्हणजे त्यांचे पोटप्रकार, वेगवेगळे, आणि रोज पाकीट बदलायचं.

हे का चालतं ते वाचलं आणि थक्क झालो. फाजच्या हल्ल्यातून जे थोडे बॅक्टेरिया वाचतात ते त्या व्हायरसच्या डीएनएचा बारकासा तुकडा आपल्या डीएनएत ठेवून देतात, पुन्हा तोच व्हायरस घुसला की त्या तुकड्याशी जुळवून बघतात आणि त्याचा डीएनए कापून टाकतात. पेशी एकच, पण आठवण पक्की, आणि ती पुढच्या पिढ्यांनाही मिळते. हेच क्रिस्पर. २००७ मधे डॅनिस्को या कल्चर बनवणाऱ्या कंपनीच्या बारंगू, होरवाथ वगैरे लोकांनी ते सिद्ध केलं तेही दह्याच्याच स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसवर! जीन एडिटिंगचं २०२० चं नोबेल पुढे याच कात्रीवरच्या कामाला मिळालं.

पण फाजही गप्प बसत नाही, डीएनएतलं एखादं अक्षर बदललं तरी तो निसटू शकतो, म्हणून रोटेशन, एका स्ट्रेनवर जमलेल्या फाजला दुसऱ्या दिवशी वेगळा स्ट्रेन भेटतो. घरच्या जुन्या विरजणात नाना तऱ्हेचे बॅक्टेरिया एकत्र असतात, एक मेला तरी दुसरा दही लावतो, आमच्यासारखं एका वेळी मोजकेच स्ट्रेन वापरणाऱ्यालाच जास्त फटका बसतो.

आठ महिन्यात एकही बॅच वाया गेली नाही, चक्का घट्ट पडतो. तक्रारी दोन, एक म्हणजे आंबटपणा कमी, आमच्या जुन्या गिऱ्हाईकांना तो लागतो, आणि दुसरं म्हणजे उणे १८ चा डीप फ्रीजर लागतोच. पाच पैकी चार स्टार. घेणार असाल तर निवळीची जागा व्हॅटपासून लांब करा, आम्ही मधे भिंतच घातली.