पाटी नसलेलं गटिंगचं दुकान आणि माझा फोरहँड

मुलगा हॉस्टेलला गेला आणि त्याची रॅकेट माझ्याकडे आली. २०१९ साली बालेवाडीला केविन अँडरसन आणि इव्हो कार्लोविचची फायनल बघून आल्यापासून त्याला टेनिसचं वेड होतं. (तिन्ही सेट टायब्रेकरला गेले. सर्व्हिस, पॉइंट, सर्व्हिस, पॉइंट. मला तर डुलकी लागली होती.) नदाल वापरायचा तसल्या काळ्या अष्टकोनी पॉलिस्टरच्या तारा (म्हणजे गट) त्याने हौसेने रॅकेटला भरून घेतलेल्या. तारा भरण्यालाच गटिंग म्हणतात. तीच रॅकेट घेऊन मी वर्षभर सोसायटीच्या कोर्टवर खेळले. फोरहँड जोरात मारला की बॉल बेसलाइनच्या बाहेर, जपून मारला की नेटमध्ये. शिवाय कोपर असं धरलं की कणीक मळायची पंचाईत.

टिळक रोडवरून आत वळलेल्या एका गल्लीत, सायकलवाल्याच्या शेजारी हे दुकान आहे. नावाची पाटी नाही, पुठ्ठ्यावर ‘गटिंग करून मिळेल’ एवढंच. काकांनी रॅकेट हातात घेतली, एक उभी तार बोटाने बाजूला सारली आणि सोडली. ती तिथेच राहिली. “ताई, हे मेलंय.”

“तुटलं कुठेय?”

“पॉलिस्टर तुटायच्या आधी मरतं.”

मग त्यांनी जे समजावलं ते मला वर्षभरात कोणी सांगितलं नव्हतं. फोरहँडला रॅकेट खालून वर घासत गेली की उभ्या तारा बॉलबरोबर बाजूला सरकतात आणि बॉल सुटता सुटता झटक्याने जागेवर येतात. तो झटका बॉलला जास्तीची फिरकी देतो. पॉलिस्टर गुळगुळीत असतं म्हणून सरकतं. १९९७ ला कुएर्तेन असल्या तारांवर फ्रेंच ओपन जिंकला आणि सगळे तिकडे वळले. पण ताण उतरला, तारांना एकमेकींच्या खाचा पडल्या, की सरकणं बंद आणि सगळा हादरा कोपरात.

पुढे म्हणाले, “मारून दाखवा.” गल्लीत, बॉलशिवाय! एक ॲक्टिव्हावाला थांबून बघत होता. मी मारला. “बॉल लागायच्या वेळेला ब्रेक दाबताय तुम्ही. दुखतंय म्हणून ना?” होच की.

पूर्ण पॉलिस्टर मागितलं तर चक्क नाही म्हणाले. उभ्या तारा पॉलिस्टर, आडव्या मऊ सिंथेटिक, आणि ताण ५६ वरून ४८ पाउंडावर. मजुरी ३००, गटचे पैसे वेगळे. सैल केल्यावर बॉल अजूनच बाहेर जाईल, ही माझी शंका. “जोरात मारा, पण वर मारा,” एवढंच उत्तर.

पहिल्या दिवशी बॉल बाहेरच गेले. ग्रिपचं काम आमच्या बॅचच्या सरांनी केलं. दांड्याला आठ कडा असतात, तर्जनीच्या मुळाचा सांधा तिसरीवरून चौथीवर सरकवला. रॅकेटचं तोंड मिटल्यासारखं वाटतं आणि खालून वर घासण्याशिवाय इलाजच राहत नाही. तिसऱ्या आठवड्यात बॉल नेटच्या हातभर वरून जाऊन आत पडायला लागला. पडल्यावर असा उसळतो की समोरच्या जोशीकाकू दोन पावलं मागे सरकतात. माझ्या मते यात गटचा वाटा चार आणे. पण कोपर दुखायचं थांबलं म्हणून हात खांद्यापर्यंत पूर्ण जायला लागला, तेही या गटिंगमुळेच. म्हणजे हिशोब कसा करायचा ते तुम्हीच ठरवा.

आता तक्रारी. ‘परवा या’ म्हणजे पाच दिवस. फोन उचलत नाहीत. कार्ड नाही. किती पाउंडावर बांधलं ते रॅकेटवर लिहून देत नाहीत, मागून घ्यावं लागतं. ते मागाच, नाहीतर पुढच्या वेळी कमी-जास्त काय करायचं ते कळणार नाही. पॉलिस्टर असेल तर तुटायची वाट न बघता दोन-तीन महिन्यांनी तार बोटाने सारून बघा.

आणि माझा डॅम्पनर (तारांची थरथर कमी करायला लावतात तो रबरी तुकडा) हरवला त्यांनी. विचारलं तर ड्रॉवरमधून रबरबँड काढून तारांना बांधून दिला. “आगासी हेच लावायचा.” घरी येऊन शोधलं, खरंच लावायचा. पण माझा डॅम्पनर दीडशेचा होता.