धुळ्यातला लेदर कोरल: दहा महिन्यांनंतर

ऑक्टोबरात मुंबईहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने, थर्माकोलच्या खोक्यात घालून टोडस्टूल लेदर आणला, म्हणजे समुद्रातला एक मऊ प्रवाळ (कोरल). शास्त्रीय नाव सार्कोफायटॉन. टाकी तीन फुटी, त्यात पाणी साधारण १६० लिटर. आईने काचेला नाक लावून पाहिलं आणि म्हणाली, "हाई ते कुत्रानी छत्री से!" तिचं काही चुकलं नाही. खाली मांसल देठ, वर टोपी आणि टोपीवर पॉलिपची, म्हणजे प्रवाळाच्या इवल्या इवल्या जिवांची, लव.

दुकानदाराने तो सुपरग्लूने दगडावर चिकटवून दिला होता. पण लेदरच्या अंगाला बुळबुळ सुटते. तिसऱ्या दिवशी स्वारी वाळूत आडवी. रबर लावलं तर ते देठात रुतायला लागलं. शेवटी बायकोच्या अंबाड्याची जाळी सैल बांधली, पंपाचं तोंड फिरवलं. बारा दिवसांत त्याने दगड धरला.

डिसेंबरात मात्र पाचावर धारण बसली. पॉलिप सगळे आत, टोपी मेण फासल्यासारखी चकचकीत. नऊ दिवस तसंच. फेकणारच होतो. पण हा सापासारखी कात टाकतो, अंगावर बसलेलं शेवाळ त्याबरोबर निघून जातं. पंपाचा झोत तिरका सोडला, तशी दुधावरच्या सायीसारखी एक पातळ साल सुटून तरंगत गेली. आतापर्यंत चारदा झालंय. देठ काळा पडून विरघळायला लागला तरच घाबरा.

खाऊ घालावं लागत नाही, अंगातलं सूक्ष्म शेवाळच उजेडावर त्याला पोसतं. फक्त शेजाऱ्यांशी पटत नाही. पाण्यात रसायनं सोडून तो त्यांना दाबतो. माझे झोअँथिड (फुलांसारखे उघडमीट करणारे छोटे समुद्री जीव) मिटूनच बसायचे. ते लांब हलवले, फिल्टरमध्ये कार्बन (रसायनं शोषणारा कोळसा) टाकला, तेव्हा उघडले.

खरी परीक्षा उन्हाळ्याची. बाहेर ४३, खोलीत ३६, आणि याला हवं २५-२६. चिलरचा (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा) भाव ऐकून मी पाण्यावर दोन छोटे पंखे लावले. आपली हवा इतकी कोरडी, की कूलरसारखं काम होतं: अख्खा मे टाकी २७ च्या वर गेली नाही. पण रोज पाच-सहा लिटर पाणी उडतं आणि मीठ मागेच राहतं. भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची, खारं नको, बोअरचं तर नकोच. शिरपूरला लग्नाला दोन दिवस गेलो, तेवढ्यात क्षारतेचा आकडा १.०२५ वरून १.०२७.

आणि पाऊस आला तशी पंख्यांनी मान टाकली. हवा दमट, उकाडा तसाच. टाकी ३० वर. लेदर आक्रसून मुठीएवढा झाला. बर्फाच्या बंद बाटल्या सोडत, रात्री उठून थर्मामीटर बघत ते दिवस काढले. चिलरसाठी पैसे साठवतोय, तो फक्त जूनच्या त्या दहा-बारा दिवसांपुरता. मे महिन्याला पंखे पुरतात.