पायटेस्ट: सहा वर्षांच्या वापरानंतर

दुकानदारांसाठी बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी पायथनमध्ये काम करते आणि गेली सहा वर्षे आमच्या सगळ्या स्वयंचलित चाचण्या पायटेस्टवर, म्हणजे पायथनमधला कोड बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या साधनावर, चालतात. त्याआधी आम्ही पायथनसोबतच मिळणारे युनिटटेस्ट वापरत होतो. ते जावातल्या जेयुनिटच्या धर्तीवर बेतलेले असल्यामुळे दोन ओळींची चाचणी लिहायची म्हटली तरी आधी क्लास मांडावा लागतो आणि तुलनेच्या प्रत्येक प्रकारासाठी वेगळ्या मेथडचे नाव लक्षात ठेवावे लागते. पायटेस्टमध्ये ‘टेस्ट’ने सुरू होणारे साधे फंक्शन आणि त्यात पायथनचे नेहमीचे असर्ट (दिलेली अट खरी आहे का हे तपासणारे विधान), एवढ्यावर भागते. ते मुक्त स्रोत आहे आणि त्यासाठी पैसे मोजावे लागत नाहीत.

तरीही मला ते आवडते ते लिहायला सोपे आहे म्हणून नव्हे, तर चाचणी नापास झाल्यावर ते जे सांगते त्यासाठी. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७० नुसार कराची रक्कम पूर्ण रुपयात आणताना पन्नास पैसे किंवा त्याहून अधिक असतील तर पुढचा रुपया धरायचा असतो. आमच्या कोडमध्ये हे काम पायथनच्या राउंड या फंक्शनवर सोपवलेले होते आणि त्याची एकच जुनी चाचणी होती, १२४३.५० या रकमेची, जी वर्षानुवर्षे पास होत होती. पायटेस्टमध्ये एकाच चाचणीला अनेक रकमा पुरवण्याची सोय आहे, पॅरामेट्राइझ नावाची. ती वापरून मी आणखी सहा रकमा दिल्या, तेव्हा १२४२.५० पाशी लाल ओळ आली: असर्ट १२४२ == १२४३, आणि तिच्याखाली हे १२४२ कोणत्या फंक्शनने, कोणती रक्कम दिल्यावर परत केले, तेही छापलेले. पायथन ३ मधले राउंड नेमक्या अर्ध्यावरची संख्या जवळच्या सम संख्येकडे नेते, म्हणून १२४३.५० चे १२४४ बरोबर येत होते आणि १२४२.५० चा एक रुपया कमी पडत होता. कारण दहा मिनिटांत कळले आणि आम्ही तो हिशेब पायथनच्या डेसिमल या दशांश संख्यांच्या प्रकारावर नेऊन ‘अर्धा असेल तर वर’ हा नियम स्पष्ट लिहिला. युनिटटेस्टच्या साध्या तुलनेने दोन आकडे जुळत नाहीत इतकेच सांगितले असते. पायटेस्ट मात्र चाचणीची फाइल लोड होतानाच तिच्यातली असर्टची विधाने आतून बदलून घेते आणि मधली प्रत्येक किंमत जपून ठेवते. रोज बग शोधणाऱ्या माणसासाठी याहून मोलाची सोय मला दुसरी दिसत नाही.

आता त्रासाची बाजू. चाचणीपूर्वीची तयारी, म्हणजे डेटाबेसची जोडणी, नमुन्याचा ग्राहक, तात्पुरती फाइल, हे सगळे फिक्स्चरमध्ये लिहायचे असते आणि चाचणीने फक्त फंक्शनच्या कंसात त्याचे नाव घ्यायचे असते. हे वाचायला सुटसुटीत वाटते, पण ते फिक्स्चर नेमके कुठे लिहिले आहे याचा कोणताही इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या फाइलमधून ते आणल्याची ओळ, समोर दिसत नाही. ते कॉन्फटेस्ट नावाच्या, सामाईक फिक्स्चर ठेवण्याच्या फाइलमध्ये असू शकते, त्या फाइली प्रत्येक फोल्डरमध्ये वेगळ्या असू शकतात आणि आतल्या फोल्डरमधले त्याच नावाचे फिक्स्चर बाहेरच्याला झाकून टाकते. आमच्याकडे नव्याने आलेल्या प्रत्येकाचे पहिले दोन-तीन दिवस या शोधाशोधीत जातात.

आम्हालाही याचा मोठा फटका बसला. वेळ वाचावा म्हणून नमुन्याच्या ग्राहकाचे फिक्स्चर ‘सेशन’ स्कोपचे केले होते, म्हणजे सगळ्या चाचण्यांसाठी एकच ग्राहक. पुढे चाचण्या समांतर चालवण्यासाठी एक्सडिस्ट हे प्लगइन बसवले आणि रोज वेगळ्याच तीन-चार चाचण्या पडू लागल्या. दोन दिवस डोके फोडून झाल्यावर मी तो प्रश्न पुण्यातल्या पायथन वापरकर्त्यांच्या मासिक भेटीत नेला. (पुण्यात या मंडळींचे जमणे जुने आहे, २०११ ची पायकॉन इंडिया ही पायथनची परिषद इथेच भरली होती.) तिथे एका अनुभवी बाईंनी माझ्या लॅपटॉपवर ‘सेटअप-शो’ हा पर्याय देऊन चाचण्या चालवल्या. कोणते फिक्स्चर कधी उभे राहते आणि कधी मोडले जाते, हे पडद्यावर ओळीने दिसले. एक चाचणी ग्राहकाची उधारीची मर्यादा बदलत होती आणि दुसरी त्या बदललेल्या मर्यादेवर विसंबून होती. एक्सडिस्टमध्ये प्रत्येक वर्करचा, म्हणजे चाचण्या वाटून घेणाऱ्या प्रत्येक प्रक्रियेचा, सेशन स्वतंत्र असतो, त्यामुळे दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या वर्करकडे गेल्या की दुसरी पडत होती. तो पर्याय माहितीपत्रकात आहे, मी ते वाचलेही होते, पण कोणत्या दुखण्यावर तो उपाय आहे हे शेजारी बसून कोणी दाखवेपर्यंत मला उमगले नव्हते. पायटेस्ट शिकू पाहणाऱ्यांनी अशा गटात जरूर जावे आणि आपला बिघडलेला कोड सोबत न्यावा.

आणखी एक सावधगिरी बाळगावी लागते. ‘टेस्ट’ हा शब्द नियमाप्रमाणे नावात नसलेली फाइल पायटेस्ट मुकाट्याने वगळते आणि बाकीच्या चाचण्या पास झाल्या की सगळे हिरवे दिसते. म्हणून शेवटी येणारा चाचण्यांचा एकूण आकडा पाहण्याची सवय लावावी. जुन्या लेखांत पायटेस्ट चालवण्याच्या आज्ञेच्या नावात मध्ये टिंब आढळेल. २०१६ च्या ३.० आवृत्तीपासून ते टिंबाशिवाय लिहितात.

युनिटटेस्टवर मोठा साठा असलेल्यांनी बदलाला बिचकू नये. त्या चाचण्या पायटेस्ट आहे तशाच चालवते. मात्र त्या क्लासच्या आत पॅरामेट्राइझ चालत नाही आणि फिक्स्चरही कंसात मागता येत नाही. आमच्याकडे चाळीसेक जुन्या चाचण्या अजून तशाच आहेत आणि त्या भागातल्या कोडला हात लागेल तेव्हाच आम्ही त्या बदलतो.