नवी स्प्रिंग विकण्याआधी दोष शोधणारे दुकान : फोंडा तालुक्यातील एका शस्त्रदुरुस्ती केंद्राचे परीक्षण

पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे नळीवर मागे-पुढे सरकणारा वरचा भाग, पूर्ण मिटत नाही अशी तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाच्या हातात नवी रिकॉइल स्प्रिंग, म्हणजे स्लाइडला पुढे आणणारी स्प्रिंग, ठेवणे हे दुरुस्तीवाल्यासाठी सर्वांत सोपे काम असते. ग्राहकाचे समाधान होते, पैसेही लगेच मिळतात, आणि दोष दुसरीकडे असला तरी तो पुन्हा दिसेपर्यंत बरेच दिवस निघून जातात. गोव्याच्या फोंडा तालुक्यातील एक छोटे परवानाधारक केंद्र ही सोपी वाट धरत नाही, म्हणून त्याच्याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. मालकांना प्रसिद्धी नको आहे, आणि शस्त्रांच्या व्यवहारात ही इच्छा रास्तच म्हणावी लागेल. तालुक्यातील जुन्या परवानाधारकांना विचारले तर पत्ता सहज मिळतो.

माझ्याकडील पिस्तूल .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीच्या छिद्राचे माप), जुन्या युरोपीय बनावटीचे आहे आणि वडिलांच्या पश्चात रीतसर परवाना होऊन माझ्याकडे आले. भारतात ९ मिलिमीटरचे बोअर निषिद्ध वर्गात मोडते, त्यामुळे सामान्य परवानाधारकाकडे पिस्तूल असले तर ते बहुधा .३२ चेच असते. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगच्या १८९९ च्या आराखड्याबरोबर आलेल्या या .३२ च्या, म्हणजेच ७.६५ मिलिमीटरच्या, काडतुसाचा जोर बेताचा आहे, आणि म्हणून त्याची बहुतेक पिस्तुले साध्या ब्लोबॅक पद्धतीची असतात. या पद्धतीत नळी आणि स्लाइड यांना क्षणभर जखडून ठेवणारी कोणतीही यंत्रणा नसते. गोळी सुटताना काडतुसाची पुंगळी मागे रेटली जाते, तो रेटा स्लाइडचे वजन आणि रिकॉइल स्प्रिंगचा ताण या दोघांनी मिळून झेलायचा असतो, आणि मागे गेलेल्या स्लाइडला पुढचे काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेत) ढकलत पुन्हा जागेवर आणण्याचे काम मात्र एकट्या स्प्रिंगचे असते. अशा पिस्तुलाची स्प्रिंग थकली की बिघाड दोन्ही दिशांनी दिसू लागतो. स्लाइड मागे अधिक वेगाने आदळते आणि पुढे येताना अर्ध्या मनाने येते.

केंद्रात पहिली गोष्ट होते ती कागदपत्रांची. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे शस्त्राची दुरुस्ती करणाऱ्यालाही परवाना लागतो. येथे तो भिंतीवर दिसेल असा लावलेला आहे, आणि ग्राहकाचा मूळ परवाना, त्यावरील शस्त्राचा क्रमांक आणि प्रत्यक्ष शस्त्रावरचा क्रमांक जुळल्याशिवाय पिस्तुलाला हात लावला जात नाही. नोंदवहीत सही झाल्यावर पावती मिळते. काडतुसे सोबत आणू नयेत, असे फोनवर आधीच बजावलेले असते. मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, काढून चेंबर रिकामे आहे का, हे कारागीर स्वतः डोळ्यांनी पाहतात, बोट घालून चाचपतात आणि मग ग्राहकालाही पाहायला लावतात. ही शिस्त काहींना जाचक वाटेल. मला ती पाहूनच दुकानाविषयी भरवसा वाटला.

यानंतर प्रत्यक्ष तपासणी सुरू होते, आणि या परीक्षणाचा खरा विषय तीच आहे. स्लाइड मिटण्याआधी दोन-तीन मिलिमीटरवर अडते आणि अंगठ्याने ढकलल्यावर बसते, हे थकलेल्या स्प्रिंगचे पुस्तकी लक्षण आहे, पण हेच लक्षण आणखी निदान चार कारणांनी दिसू शकते. चेंबरमध्ये जळकट थर साचला असेल, पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली घाण अडकली असेल, मॅगझिनचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकले असतील, किंवा पिस्तूल भरताना मालक स्लाइड सोडून न देता हाताने धरून हळूहळू पुढे नेत असेल, तर स्प्रिंग नवीकोरी असली तरी स्लाइड अडू शकते. शेवटचे कारण वाटते त्यापेक्षा बरेच सामान्य आहे. जिव्हाळ्याच्या वस्तूला धक्का बसू नये म्हणून तिला जपून मिटवण्याची सवय अनेकांना असते, आणि स्लाइडला मात्र स्प्रिंगचा पूर्ण झोत मिळणे आवश्यक असते. म्हणून कारागीर आधी नकली काडतुसे देऊन ग्राहकालाच पिस्तूल भरायला सांगतात आणि त्याच्या हातांकडे पाहत राहतात. ‘बाब, पयलीं तुमचो हात पळोवया, मागीर स्प्रिंग,’ म्हणजे आधी तुमचा हात पाहू, मग स्प्रिंग, असे ते कोकणीत म्हणाले, आणि निदानाचा हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटला.

.३२ च्या बाबतीत आणखी एक फसवा दोष आहे, आणि तो ओळखणारे दुरुस्तीवाले मला फारसे भेटलेले नाहीत. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे जाऊन अडकली, तर ते काडतूस पुढे सरकतच नाही आणि स्लाइड मध्येच थांबते. वरवर पाहणाऱ्याला स्प्रिंगमध्ये जोर उरला नाही असे वाटते, पण इथे स्प्रिंग कितीही बदलली तरी अडकण थांबणार नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे. स्प्रिंग कमजोर असेल तर काडतूस जवळपास पूर्ण आत गेलेले असते आणि स्लाइडला शेवटची थोडीशी वाट उरते, कड अडकलेली असेल तर काडतूस मॅगझिनच्या तोंडाशीच ताठ बसलेले दिसते. कारागिरांनी दोन्ही अवस्था नकली काडतुसांनी मुद्दाम घडवून दाखवल्या.

माझ्या पिस्तुलाच्या चेंबरमध्ये वाळून घट्ट झालेल्या तेलाचा पिवळट थर निघाला. तो साफ केल्यावर नळी वेगळी करून तिच्यात नकली काडतूस सोडले, तेव्हा ते स्वतःच्या वजनाने आत जाऊन बसले, म्हणजे चेंबर निर्दोष ठरले. पिस्तूल पुन्हा जोडल्यावर स्लाइड तरीही अडली, आणि तेव्हा कुठे स्प्रिंगची पाळी आली.

या जातीच्या पिस्तुलात स्प्रिंग नळीखालच्या दांड्यावर नसून थेट नळीभोवती असते. ब्राउनिंगच्या १९१० च्या आराखड्यात तशी रचना आहे आणि वाल्थर या जर्मन कंपनीच्या पीपी मालिकेतील पिस्तुलांतही आहे. ती सुटसुटीत असली तरी तापलेल्या नळीची ऊब आणि धुराची काजळी दोन्ही स्प्रिंगला सोसावी लागतात, आणि बाहेरून पुसून ठेवलेल्या पिस्तुलाच्या आत काय चालले आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही. उघडतानाही सांभाळावे लागते, कारण १९१० च्या धर्तीच्या पिस्तुलात नळीच्या तोंडाशी असलेले बुशिंग, म्हणजे धातूचे कडे, दाबून फिरवताच त्यामागची दबलेली स्प्रिंग उसळून बाहेर येते. येथे कारागिरांनी स्वतः चष्मा चढवला आणि मलाही एक दिला.

निघालेल्या स्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर नव्हते. पूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी कोणीतरी ती हाताने ताणून लांब केली होती, हे त्यांनी पाहताक्षणी सांगितले. ताणलेली स्प्रिंग काही काळ टवटवीत वाटते, पण तारेला एकदा कायमची वाकण बसली की गेलेली ताकद लांबी वाढवून परत येत नाही. काही वेढ्यांवर घासल्याची चकाकी होती आणि मधल्या भागात गंजाचे बारीक खळगे होते. आपल्याकडच्या हवेत हे खळगे दुर्लक्षून चालत नाही. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने कपाटातल्या चामड्यालाही बुरशी धरते, किनाऱ्यालगत हवेत मीठ असते, आणि चामड्याच्या म्यानात ठेवलेले शस्त्र तर ओलावा धरूनच बसते. खळग्यापाशी ताण एकवटतो आणि दाबून सुटण्याच्या प्रत्येक फेरीत तार तेथूनच चिरत जाण्याची शक्यता वाढते. आचारसंहितेच्या काळात शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागले, तर परत मिळाल्यावर ते आतून पाहून घ्यावे, असा सल्ला त्यांनी जाता जाता दिला.

माप घेण्याची त्यांची पद्धत साधी आणि पटण्यासारखी आहे. जुन्या आणि नव्या स्प्रिंगची मोकळी लांबी शेजारी ठेवून ते पाहतात, पण तेवढ्यावर निकाल देत नाहीत, कारण नवी स्प्रिंगही सुरुवातीच्या वापरात थोडी आखूड होऊन मग स्थिरावते. म्हणून दोन्ही स्प्रिंगा आळीपाळीने एका दांड्यावर चढवून, सारख्याच लांबीपर्यंत दाबून, खाली ठेवलेल्या वजनकाट्यावर ताण किती येतो हे ते पाहतात. ग्लॉकसारख्या काही पिस्तुलांसाठी आणखी एक कसोटी वापरली जाते. रिकामे पिस्तूल सुरक्षित दिशेला तोंड करून वर तिरपे धरायचे, चाप दाबून ठेवायचा, स्लाइड मागे ओढून हळूहळू सोडायची आणि ती पूर्ण मिटते का हे पाहायचे. मात्र त्या रचनेत स्ट्रायकरची (काडतुसाच्या बुडावर आघात करणाऱ्या खिळ्याची) स्प्रिंग रिकॉइल स्प्रिंगच्या उलट ओढत असते म्हणून त्या कसोटीला अर्थ आहे, सगळ्याच पिस्तुलांना ती सरसकट लावून निर्णय देऊ नये, असे त्यांचे मत आहे आणि ते मला पटले.

अधिक कडक स्प्रिंग बसवा, धक्का कमी लागेल, असे मला पूर्वी अनेकांनी सुचवले होते. तशी स्प्रिंग या दुकानात मागूनही मिळत नाही. कडक स्प्रिंगमुळे स्लाइड पूर्ण मागे जात नाही, पुंगळी बाहेर पडण्याऐवजी स्लाइडच्या तोंडात उभी अडकते, आणि पुढे येताना स्लाइड अधिक जोराने आदळते. शिवाय उतारवयातील मालकाला ती ओढणेच जड जाते. उलट स्प्रिंग फार मऊ असेल तर पुंगळ्या नेहमीपेक्षा दूर फेकल्या जातात आणि फ्रेमवर स्लाइड आदळते त्या जागी धातू चेपल्याच्या खुणा उमटतात. माझ्या पिस्तुलाची ती जागा त्यांनी भिंगाखाली तपासली. चेपल्याची हलकी सुरुवात होती, तडा नव्हता.

या सगळ्या खटाटोपामागे एक व्यावहारिक कारण आहे. परदेशातले नेमबाज स्प्रिंग बदलून शंभर-दोनशे गोळ्या झाडतात आणि दोष गेला की नाही हे ठरवतात. आपल्या परवान्यावर काडतुसांची मर्यादा नोंदलेली असते, काडतुसे महाग असतात, आणि चाचणी अधिकृत रेंजशिवाय कुठेही करता येत नाही. त्यामुळे जितके निदान टेबलावर होईल तितके होऊ देणे हेच शहाणपणाचे. त्यातही बरीच वर्षे दमट कपाटात राहिलेल्या काडतुसांचा जोर उतरलेला असू शकतो, आणि तशा काडतुसांनी घेतलेली चाचणी चांगल्या स्प्रिंगलाही कडक ठरवते. नवी स्प्रिंग बसवल्यावर मी रेंजवर ताज्या काडतुसांनी मोजकेच बार काढले. स्लाइड एकदाही अडली नाही आणि पुंगळ्या एकाच बाजूला, जवळपास सारख्या अंतरावर पडल्या.

उणिवाही सांगायला हव्यात. जुन्या पिस्तुलाची योग्य स्प्रिंग मिळवायला त्यांना बराच वेळ लागला, आणि मधल्या काळात काम कुठवर आले हे कळवण्याची पद्धत नाही, आपणच फोन करावा लागतो. दुपारी दुकान बंद असते, हे गोव्यात कोणाला सांगायला नको, पण सत्तरी किंवा काणकोणहून येणाऱ्याने वेळ विचारूनच निघावे. पावतीवर फक्त ‘स्प्रिंग बदलली’ एवढेच लिहिले होते. काट्यावरची दोन्ही मापे त्यावर असती तर पुढच्या तपासणीला आधार मिळाला असता, म्हणून ती मी मागून लिहून घेतली. स्प्रिंगचे एक टोक निमुळते असेल तर कोणते टोक कुठे बसते हेही ग्राहकाला लेखी द्यायला हवे, कारण साफसफाईनंतर ती घरी उलटी बसवली जाण्याची भीती असते.

मजुरी आणि स्प्रिंग मिळून आलेला खर्च काडतुसांच्या एका पाकिटापेक्षा कमी होता. जुनी स्प्रिंग त्यांनी चिठ्ठी लावून परत दिली, आणि ती पुन्हा पिस्तुलात घालू नये म्हणून माझ्यासमोर पकडीने तिचे टोक वाकवले. शेतीच्या राखणीसाठी ठेवलेल्या एकनळी-दुनळी बंदुकांचे कामही येथे होते. स्पर्धेच्या नेमबाजीची एअर पिस्तुले मात्र ते घेत नाहीत, ती आणणाऱ्याला दारातच तसे सांगतात.